प्लास्टिक सर्जन निवडताना आधी विचारा: ऑपरेशन कोण करणार?

माझ्या भाचीला नाक नीट करून घ्यायचं होतं. वय बावीस, पहिल्या नोकरीचे पैसे साठवलेले. इन्स्टाग्रामवर पाहून तिने मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका क्लिनिकची वेळ घेतली आणि मला सोबत नेलं. एका ताईंनी टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, दर सांगितला आणि "आज बुकिंग केलंत तर वीस हजार कमी" असंही सांगितलं. तासभर बसलो, पण डॉक्टर काही दिसले नाहीत. ऑपरेशन कोण करणार असं विचारलं तर उत्तर आलं, "आमची टीम आहे ना." आम्ही उठलो. तेव्हापासून ओळखीपाळखीत कोणीही विचारलं की मी पहिलं हेच सांगते: फोटो नंतर बघा, आधी सर्जनचं नाव विचारा.

नाव मिळालं की पदवी बघा

एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत तीन वर्षांचं एम.सीएच. किंवा त्याच तोडीचं डीएनबी (आता डीआरएनबी म्हणतात), हा नेहमीचा मार्ग आहे. पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' किंवा 'एस्थेटिक फिजिशियन' लिहिलं आहे एवढ्यावरून हे शिक्षण झालंय असं धरू नका. चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही फ्रेम करून भिंतीवर लावता येतं. केस रोपणाच्या बाबतीत तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये स्पष्ट करावं लागलं, की कार्यशाळेला हजेरी लावणं किंवा ऑनलाइन व्हिडिओ पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर छापणं बंधनकारक आहे. तो घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया ही 1957 पासूनची संघटना आहे, तिथले सदस्य आहात का असंही विचारता येतं. मात्र प्रत्येक कामाला प्लास्टिक सर्जनच लागतो असं नाही. जबड्याच्या हाडांचं काम एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले मुखशल्यचिकित्सक उत्तम करतात, आणि त्वचेतली इंजेक्शनं हे त्वचारोगतज्ज्ञांचं रोजचं काम आहे.

त्यांचं रोजचं काम तुमच्या कामाचं आहे का?

सगळे प्लास्टिक सर्जन सगळं शिकलेले असतात, पण हात बसतो तो रोज करतात त्या कामावर. कोणी दिवसभर तुटलेली बोटं जोडतं, कोणी भाजलेल्यांचं काम करतं, कोणी नाकाचं. "गेल्या वर्षभरात ही शस्त्रक्रिया तुम्ही साधारण किती वेळा केलीत?" असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

पुनर्रचनेचं काम असेल, म्हणजे भाजल्यानंतरचं आखडणं, अपघात, दुभंगलेला ओठ, कर्करोगानंतरचं स्तनाचं किंवा जबड्याचं काम, तर मुंबईत खासगी दवाखान्याच्या आधी मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांचा विचार करा, असं माझं ठाम मत आहे. केईएम, सायन, नायर, जेजे इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, कर्करोगासाठी परळला टाटा रुग्णालय आहे, भाजलेल्यांसाठी ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. रांग असते, पण अवघड केसेस तिथे रोज येतात.

स्टोव्हच्या भडक्याने माझ्या मावशीची मान भाजली होती. जखम भरली, पण कातडी आखडून हनुवटी छातीकडे ओढली गेली. पालिकेच्या रुग्णालयात सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलो. आत सर्जन म्हणाले, "काकू, वर पंख्याकडे बघा." तिला बघता येईना. त्यांनी हनुवटी आणि गळपट्टीचं हाड यांच्यामध्ये बोटं ठेवून अंतर पाहिलं, ओठ किती खाली ओढला गेलाय ते पाहिलं, आणि मग मांडीची कातडी लावावी लागेल असं सांगितलं. पुढचं वाक्य मला अजून आठवतं: "ऑपरेशन माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं हा मानेचा कॉलर करेल, महिनोन्‌महिने घालायचा. घालणार असाल तरच करू." विश्वास बसला तो या बोलण्यावर.

स्तनाच्या कर्करोगात पुनर्रचनेबद्दल स्तन काढण्याच्या *आधी* विचारा. काही जणींना ती त्याच वेळी करता येते, काहींना नंतर. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, म्हणून बाळ जन्मल्याबरोबर सर्जनला गाठा.

पहिल्या भेटीत

फोटो बघायचे ते तुमच्यासारखीच तक्रार असलेल्यांचे, एकाच कोनातून आणि एकाच प्रकाशात काढलेले, वर्षभरानंतरचे. व्रण कुठे राहील, ते बोटाने दाखवायला सांगा. "व्रण दिसणारच नाही" असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा; काप दिला की व्रण राहतो, चांगला सर्जन तो लपेल अशा जागी ठेवतो. काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हेही विचारा.

भूल कोण देणार हे विचारायला लोक विसरतात. पूर्ण भूल असेल तर भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत खोलीत हवेत. नर्सिंग होमची पालिकेकडे नोंदणी आहे का, आयसीयू आहे का, नसेल तर रात्री दोन वाजता कुठे हलवणार? लायपोसक्शनमध्ये, म्हणजे चरबी शोषून काढताना, एका वेळी पाच लिटरच्या वर काढणं हे मोठ्या जोखमीचं काम समजतात. ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत करून घेऊ नका. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर लपवू नका. त्याने कातडीचा रक्तपुरवठा घटतो आणि टाके उसवतात.

पैसे आणि प्रवास

अंदाजपत्रक लेखी घ्या: सर्जन, भूल, खोली, औषधं, ड्रेसिंग वेगवेगळं. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही आणि वर जीएसटी लागतो. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला मात्र विमा लागू होऊ शकतो, म्हणून कागदावर कारण नीट लिहून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. इम्प्लांट बसवलं तर त्याच्या क्रमांकाचं कार्ड जपून ठेवा.

आणि विरारहून किंवा बदलापूरहून येणार असाल तर ड्रेसिंगला किती फेऱ्या पडतील ते आधी विचारा. ताजे टाके घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढता येत नाही, टॅक्सीचे पैसे हिशेबात धरावेच लागतात.

भाचीने शेवटी दादरच्या एका सर्जनना दाखवलं. त्यांनी पहिलं विचारलं, "रात्री तोंड उघडं ठेवून झोपतेस का?" नाकाचा पडदा वाकडा निघाला. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागेल, लग्नाबिग्नाची घाई असेल तर आत्ता करू नकोस, असं ते म्हणाले. फी फक्त तपासणीची घेतली आणि महिनाभर विचार करून ये म्हणाले.