ॲशच्या रेघांचा प्रयोग: मूल्यमापन लिहायचं कसं

अनुरूपतेवरच्या, म्हणजे गटाच्या दबावाखाली इतरांसारखं वागण्यावरच्या, संशोधनाचं मूल्यमापन करा असा प्रश्न परीक्षेत आला की बहुतेक उत्तरांत तीच यादी उतरते: नमुना फक्त पुरुषांचा, प्रयोगशाळा कृत्रिम, प्रयुक्तांची (प्रयोगात भाग घेणाऱ्यांची) फसवणूक, काळ जुना. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या त्रुटीमुळे संशोधकाचा नेमका कोणता दावा कमकुवत होतो, हे लिहिल्याशिवाय ते मूल्यमापन होत नाही, तक्रारींची यादी होते.

म्हणून सुरुवात आकडे नीट वाचण्यापासून करा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या 1950च्या दशकातल्या मुख्य प्रयोगात तीन अमेरिकी महाविद्यालयांतले 123 विद्यार्थी होते. प्रत्येकाला 18 वेळा रेघांची लांबी जुळवायची होती. त्यातल्या 12 फेऱ्यांत बाकीचे सगळे, म्हणजे प्रयोगकर्त्याचे साथीदार, ठरवून एकच चुकीचं उत्तर मोठ्याने देत. या 12 फेऱ्यांतली 36.8 टक्के उत्तरं बहुमताच्या चुकीकडे झुकली. इथे हमखास घोटाळा होतो. हे प्रमाण उत्तरांचं आहे, माणसांचं नाही. ‘37 टक्के लोक अनुरूप वागले’ हे वाक्य चूक आहे. किमान एकदा तरी बहुमतामागे गेलेले जवळपास तीन चतुर्थांश होते आणि एकदाही न गेलेले एक चतुर्थांश. शिवाय बहुमताविरुद्ध दिलेली बरोबर उत्तरं 63 टक्के होती, म्हणजे हा प्रयोग स्वतंत्र बाण्याचाही पुरावा आहे. पाठ्यपुस्तकांनी ही बाजू बरीच झाकली, आणि तो दोष ॲशचा नाही.

आता दावे वेगळे करा. ते तीन आहेत: एकमुखी बहुमतामुळे चुका वाढतात, लोक वेगळं पडण्याच्या भीतीने तसं करतात, आणि हे सगळीकडे, सगळ्या काळात घडतं.

पहिल्या दाव्याची बाजू सर्वांत भक्कम आहे, उत्तरातली सर्वाधिक जागा तिला द्या. बहुमताचा दबाव नसलेल्या नियंत्रित गटात चुका एक टक्क्याहूनही कमी होत्या, त्यामुळे काम अवघड होतं ही पळवाट बंद होते. शिवाय ॲशने एकेक परिवर्तक (बदलता घटक) बदलून पाहिला. विरोधात एकच माणूस असताना चुका 3.6 टक्के, दोघे असताना 13.6, तिघे असताना 31.8; त्यापुढे संख्या वाढवून फारसा फरक पडला नाही. खरं उत्तर देणारा एक जोडीदार मिळाला की चुका सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. ‘सगळे पुरुषच होते’ हा आक्षेप या दाव्याला शिवतही नाही, कारण तुलना झालेले सगळेच गट पुरुषांचे होते. तो तिसऱ्या दाव्याखाली लिहा.

दुसऱ्या दाव्यासाठी ॲशने नंतर घेतलेल्या मुलाखती उपयोगी पडतात, पण माणूस आपल्या वागण्याचं कारण मागाहून जुळवून सांगतो ही मर्यादाही नोंदवा. उत्तर गुपचूप लिहायला सांगितल्यावर चुका घटतात, हा जास्त ठोस पुरावा. मात्र डॉइच आणि जेरार्ड यांनी 1955 मध्ये प्रयुक्तांना निनावी ठेवलं तेव्हाही चुका पूर्ण थांबल्या नाहीत. म्हणजे ‘इतरांना जास्त कळत असेल’ हा विचारही काम करतो.

तिसरा दावा सर्वांत कच्चा, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. पेरिन आणि स्पेन्सर यांच्या 1980च्या ब्रिटिश प्रयोगात 396 फेऱ्यांत एकच अनुरूप उत्तर आलं, एवढंच लिहून थांबू नका. त्यांचे प्रयुक्त अभियांत्रिकी, गणित आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. मोजमाप त्यांच्या हातचं काम. पुढे त्याच संशोधकांनी परिवीक्षेवरचे (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेले) तरुण प्रयुक्त घेतले आणि परिवीक्षा अधिकारी साथीदार केले, तेव्हा अनुरूपता ॲशच्या आसपास पोहोचली. बाँड आणि स्मिथ यांनी 1996 मध्ये 17 देशांतले 133 अभ्यास एकत्र तपासले: अमेरिकेत अनुरूपता 1950पासून घटलेली दिसली आणि समूहप्रधान देशांत ती जास्त होती. यावरून लगेच ‘भारतीय समाज समूहप्रधान, म्हणून आपल्याकडे अनुरूपता जास्त’ असं लिहायचा मोह होतो. तो टाळा. मोजक्या अभ्यासांची सरासरी अख्ख्या देशाच्या संस्कृतीला लावणं हीच त्या पद्धतीची मर्यादा आहे.

कृत्रिमतेचा मुद्दा दुधारी आहे. शेरिफने 1935 मध्ये अंधारात हलल्यासारखा भासणारा प्रकाशबिंदू वापरला होता. तिथे बरोबर उत्तरच नव्हतं. ॲशने मुद्दाम स्वच्छ उत्तर असलेलं काम निवडलं, म्हणून रेघांचा साधेपणा ही रचनेची ताकद आहे. अनोळखी माणसं आणि चुकलं तरी तोटा नाही, ही मात्र खरी उणीव. ती फ्रांझेन आणि माडर यांनी 2023 मध्ये तपासली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या विद्यार्थ्यांत चुका 33 टक्के होत्या. बरोबर उत्तराला पैसे दिल्यावर त्या 25वर आल्या, संपल्या नाहीत. राजकीय मतांच्या बाबतीत बहुमतामागे जाण्याचं प्रमाण 38 टक्के निघालं. ‘तो प्रयोग त्या काळाचं अपत्य’ हा आवडता निष्कर्ष यानंतर जपून वापरायला हवा.

साथीदारांचा अभिनय प्रयुक्तांना कळला असेल, या शंकेसाठी मोरी आणि अराई यांचा 2010चा जपानी प्रयोग द्या. ध्रुवित चष्म्यांमुळे एकाच पडद्यावर एकाला वेगळी रेघ दिसे, साथीदार लागतच नसत. स्त्रियांचे निकाल ॲशच्या जवळ आले, पुरुषांचे नाहीत. पण तिथे गट चौघांचे आणि ओळखीचे होते. फरकाचं श्रेय एकाच गोष्टीला देऊ नका.

नैतिकतेला वेगळा परिच्छेद द्या. फसवणुकीमुळे निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. प्रश्न मिळालेल्या ज्ञानासाठी ती किंमत योग्य होती का, एवढाच.

परिच्छेदाचा नमुना असा: ‘प्रयुक्त केवळ अमेरिकी विद्यार्थी असल्याने हा निकाल इतर समाजांना लावता येत नाही, 1996च्या विश्लेषणात देशागणिक फरक दिसतो. मात्र बहुमतामुळे चुका वाढतात हा निष्कर्ष नियंत्रित गटामुळे टिकून राहतो.’ त्रुटी, दावा, पुरावा आणि नुकसान किती, हे चारही त्यात आले.

झिम्बार्डोचा 1971चा तुरुंग-प्रयोग (विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवलेला) जोडायचा असेल तर एक वाक्य पुरे. तिथे नियंत्रित गट नव्हता आणि संशोधक स्वतःच तुरुंगाचा अधीक्षक होता, त्यामुळे कार्यकारणाचा दावाच डळमळतो. मिलग्रॅमचा प्रयोग आज्ञापालनाचा आहे. तो या उत्तरात आणू नका.