जुन्या लेन्सना कुठली फुल-फ्रेम बॉडी?

कपाटात चार-पाच जुन्या लेन्स आधीच असतील आणि त्यांच्यासाठी फुल-फ्रेम बॉडी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायची असेल, तर मेगापिक्सेल नंतर बघा. आधी प्रत्येक लेन्स उलटी धरा. माउंट (लेन्स बॉडीला जोडायची खाच) कुठला, फोकस कशाने फिरतो आणि अ‍ॅपर्चर (पात्यांचं, प्रकाश आत सोडणारं भोक) कशाने मिटतं, या तीन गोष्टींवरून बॉडी ठरते.

त्यातही पहिल्यांदा लेन्स धड आहे का ते बघा, कारण कोकणातले पावसाळे बॅगेत काढलेल्या लेन्सचा भरवसा नसतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा (रिंग नसेल आणि मागे छोटा लिव्हर असेल, तर तो बोटाने सरकवा), मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले की ती बुरशी. थोडी असेल तर साफ होते. तिने कोटिंग (काचेवरचा पातळ लेप) खाल्लं असेल, तर डाग जात नाही. मग पाती बघा. त्यांच्यावर तेल चमकत असेल तर ती सुस्त मिटतात. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला कॅमेरा) पाती ऐन शटरच्या क्षणी मिटावी लागतात, उशीर झाला की फोटो पांढराफटक येतो. मिररलेसवर (बिनआरशाचा कॅमेरा) साध्या, विजेची जोडणी नसलेल्या अडॅप्टरने अ‍ॅपर्चर आपण हाताने आधीच मिटवून ठेवतो, त्यामुळे रिंगवाली अशी लेन्स तिथे चालून जाते.

निकॉनवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स (फोकसची मोटर लेन्समध्येच असलेल्या) झेड या मिररलेस बॉडीवर निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावून ऑटोफोकस करतात. एएफ-डी मात्र करत नाहीत. त्यांचा फोकस बॉडीतली मोटर स्क्रूने फिरवते आणि एफटीझेडमध्ये मोटरच नाही. अशा लेन्स जास्त असतील, तर ही मोटर असलेल्या डी७५०, डी७८० किंवा डी८५० या डीएसएलआर बघा. १९७७ च्या आधीची, एआय (अ‍ॅपर्चर बॉडीला कळवणारी रिंग) न केलेली लेन्स या बॉडींवर जबरदस्तीने बसवू नका, माउंटच्या कडेचा लिव्हर मोडू शकतो.

कॅननच्या ईएफ लेन्सचं सोपं आहे. १९८७ पासून त्यांचा फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे कंपनीच्या अडॅप्टरने आर या मिररलेस बॉडीवर सगळं चालतं. त्याआधीच्या एफडी लेन्सची गोष्ट वेगळी. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एफडीला ४२ मिमी लागतं आणि ईएफला ४४, म्हणून मधे जादा काच घातल्याशिवाय डीएसएलआरवर लांबचं स्पष्ट येत नाही. सोनी ई माउंटला हे अंतर १८, आर ला २० आणि झेडला १६ मिमी. उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. पेंटॅक्स के लेन्स असतील तर के-१ वर त्या थेट बसतात.

छोट्या सेन्सरच्या लेन्स हिशेबात धरू नका. निकॉनची डीएक्स (छोट्या सेन्सरसाठीची) लेन्स लावली की २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत जेमतेम १० उरतात.

साधा अडॅप्टर तपासायला समुद्रासारखी जागा नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस अनंतावर, आणि स्क्रीनवर क्षितिजरेषा मोठी करून बघा. रेषा धूसरच राहिली तर अडॅप्टर जाड आहे. रिंग थोडी मागे फिरवल्यावर रेषा स्पष्ट झाली, म्हणजे फोकस अनंताच्या किंचित पुढे जात असेल, तर सहसा चालतं, पण काही वाइड लेन्समध्ये कोपरे मऊ पडतात. लेन्स हाताने हलवून बघा, डुगडुगत असेल तर परत करा.

साध्या अडॅप्टरवरची लेन्स बॉडीला ओळखू येत नाही, म्हणून मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा. बॉडीत स्थिरीकरण असेल, तर फोकल लेंग्थ हाताने भरा. १३५ मिमी लावून ५० चा आकडा तसाच राहिला, तर फोटो हललेला येतो.

मॅन्युअल फोकसने बंदरातल्या होड्या, किल्ले, देवळं आरामात टिपता येतात. रात्रीच्या दशावतारात पात्रं सतत फिरतात, तिथे एफ १.८ वर दर दुसरा फोटो हुकतो. तुम्ही तेच जास्त टिपत असाल, तर ऑटोफोकस टिकवणारी बॉडीच घ्या, थोडं जास्त मोजावं लागलं तरी.

अडॅप्टर लावला की सांधे एकाचे दोन होतात, आणि स्वस्त अडॅप्टरला रबरी सील नसतं. म्हणून पुळणीवर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा, मग कोरड्याने. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी, ६० च्या वर गेली की जेल बदला. लेन्सची जुनी चामडी केस त्या डब्यात घालू नका. ती ओल धरते आणि बुरशी तिथूनच काचेवर चढते.