लग्नाचे स्ट्रोब बास्केटबॉलच्या हॉलमध्ये

आषाढात मुहूर्त संपले की कोल्हापुरातल्या बहुतेक फोटोग्राफरांचे स्ट्रोब, म्हणजे मोठे फ्लॅश लाइट, कोपऱ्यात धूळ खात पडतात, आणि पावसाच्या याच दिवसांत मैदानावरचे खेळ छताखाली येतात. बास्केटबॉल टिपायला शिकण्यासाठी यापेक्षा सोयीचा हंगाम नाही. मात्र आयोजकांची आणि पंचांची परवानगी आधी घ्यावी. ती नसेल तर लाइट गाडीतून उतरवूच नयेत.

सर्वप्रथम स्ट्रोब बंद ठेवून हॉलचा उजेड तपासावा. समजा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) २.८ आणि शटर १/२५० सेकंदाला फोटो नीट उजळतो आहे. तर आयएसओ ४०० आणि एफ ४ केल्यास तोच फोटो चार स्टॉपने (दर स्टॉपला उजेड निम्मा) काळोखा होईल, आणि आपल्याला हवा आहे तो हाच काळोख. शटर उघडे असेपर्यंत हॉलचे दिवेही आपले काम करतच असतात, त्यामुळे त्यांचा उजेड पुरेसा दाबला नाही तर स्ट्रोबने गोठवलेल्या प्रतिमेवर दुसरी फिकट, हललेली प्रतिमा चढते. माझ्या पहिल्या सामन्यात मी आयएसओ १६०० वर निर्धास्त बसलो होतो. घरी येऊन पाहतो तर लेअपला, म्हणजे रिंगजवळून चेंडू टाकायला, उडालेल्या मुलीचा चेहरा लख्ख होता, पण चेंडूला नारिंगी शेपूट फुटले होते आणि कोर्टाची पांढरी रेषा तिच्या पोटरीतून आरपार गेलेली दिसत होती. शटरचा वेग वाढवून यातून सुटका नाही, कारण कॅमेऱ्याच्या सिंक वेगाच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वाधिक शटर वेगाच्या), म्हणजे बहुधा १/२०० किंवा १/२५० च्या, पुढे गेल्यास फोटोत काळा पट्टा येतो.

म्हणजे हालचाल गोठवण्याचे काम शटरचे नसून स्ट्रोबच्या झोताचे आहे आणि तो झोत किती वेळ टिकतो याला इथे सर्वाधिक महत्त्व आहे. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा टी ०.५ चा, म्हणजे झोत त्याच्या कमाल उजेडाच्या निम्म्याहून वर असतो तेवढ्याच वेळेचा, असतो; साध्या स्ट्रोबचा झोत प्रत्यक्षात त्याच्या सुमारे तिप्पट वेळ रेंगाळतो, त्यामुळे १/८०० लिहिलेला लाइट १/२७० च्या आसपासच धरावा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची शक्ती कमी केली की झोत आखूड होतो, पण जुन्या धाटणीच्या अनेक स्टुडिओ लाइटमध्ये नेमके उलटे घडते. लग्नात हा फरक कधी जाणवत नाही; कोर्टावर पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो.

दोन लाइट पुरतात. अर्ध्या कोर्टाच्या दोन्ही बाजूंना, गॅलरीच्या कठड्यावर, शक्य तितक्या उंच ते क्लॅम्पने आवळावेत, आणि प्रत्येकाला वेगळी पोलादी दोरी बांधावी, कारण खाली खेळणारी मुले असतात. झोत रिंगवर रोखू नये: अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, म्हणून मध्यभाग थोडा पलीकडे, दूरच्या खेळाडूंकडे वळवावा. छत पांढरे आणि बेताच्या उंचीचे असेल तर त्यावरून उसळवलेला उजेड मऊ पडतो, परंतु निळ्या पत्र्याखाली तो मोह टाळावा. सगळ्यांचे चेहरे निळसर होतात. तारा जमिनीला चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात आणि कॅमेऱ्यापासून लाइटपर्यंत रेडिओ ट्रिगर वापरावा.

यानंतरची अडचण सवयीची आहे. स्ट्रोब पुन्हा भरेपर्यंत एक-दोन सेकंद जातात, त्यामुळे बटण दाबून धरून दहा फोटो काढण्याची सोय उरत नाही आणि प्रत्येक चालीत एकच संधी मिळते. शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट नेमका कधी खाली येणार हे ज्याच्या बोटाला कळते, त्याला हे जड जाऊ नये. रिबाउंडला (हुकून परतलेला चेंडू पकडताना) उडी सर्वांत उंच असते तिथे शरीर क्षणभर थबकते. बटण त्याच्या किंचित आधी दाबावे. फ्री थ्रो घेणारा खेळाडू नेम धरत असताना मात्र मी लाइट उडवत नाही.

वॉर्मअपमध्ये पाच-सहा फोटो काढून पडद्यावर चेंडू मोठा करून पाहावा. काळ्या रेघा काठाशी स्वच्छ आणि कातड्यावरचे दाणे सुटे दिसत असतील, तर जुळणीला पुन्हा हात लावू नये.