लाळेने चुकवलेला सामू

पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्री दावं तोडून ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलेली म्हैस सकाळी दवाखान्यात आली. रवंथ बंद, डोळे खोल गेलेले, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. मी तोंडातून नळी घालून कोटीपोटातलं (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा सर्वात मोठा कप्पा) पाणी काढलं, मीटर लावला. सामू (pH, जितका कमी तितकी आम्लता जास्त) 7.3. आम्लता नाही, असं केसपेपरवर लिहूनही टाकलं. सरांनी भांडं नाकाशी नेलं. ‘हे पहिलंच पाणी ना? तार बघ कशी धरतेय. ओतून टाक, परत काढ.’ दुसऱ्या खेपेला आकडा आला 4.8.

मी मोजली होती ती लाळ. दुभतं जनावर दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळतं. तिचा सामू 8 च्या वर असतो आणि तिच्यातल्या आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटमुळेच कोटीपोट साधारण 6 ते 7 च्या दरम्यान टिकतं. नळी घशातून जाताना हीच लाळ नमुन्यात उतरते. म्हणून पहिलं दोनेकशे मिली पाणी टाकून द्यायचं. नळी आत सरकवताना डाव्या हाताने मानेची डावी बाजू चाचपा, अन्ननलिकेत ती बोटांना लागते. जनावर खोकलं किंवा श्वासाबरोबर नळीतून हवा येऊ लागली, तर लगेच बाहेर काढा. श्वासनलिकेत गेलेल्या नळीतून औषध पाजलं तर जनावर दगावतं, इथे घाई नकोच.

गोठ्यात लपलेली, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारी आम्लता शोधायची असेल, तर डाव्या कुशीतून, खालच्या बाजूने सुई घालून नमुना घेतात. त्यात लाळ येत नाही. 5.5 किंवा त्याखालचा आकडा धोक्याचा. पण सिरिंज जोरात ओढू नका. कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि सामू खोटा वर चढतो. पाच मिली पुरे, आणि मोजायचं तिथल्या तिथे. सुईच्या जागी गळू होऊ शकतं, त्यामुळे कातडीची स्वच्छता मी कधीच दुसऱ्यावर सोपवत नाही.

वेळेचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. भरडा खाल्ल्यावर दोन ते चार तासांनी सामू तळाला जातो. पहाटे उपाशीपोटी घेतलेला नमुना तीच गाय निरोगी दाखवेल. हल्ली गिळवायचे बिनतारी बोलस (सामू मोजणाऱ्या मोठ्या गोळ्या) दिवसभराचा चढउतार दाखवतात. मात्र ते बहुधा जाळीपोटात, कोटीपोटाला लागून असलेल्या छोट्या कप्प्यात जाऊन बसतात आणि तिथला सामू कोटीपोटापेक्षा थोडा जास्त असतो. तेव्हा बोलसचा 5.8 आणि सुईचा 5.8 एकाच तक्त्यात टाकू नका. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे प्रबंधाचे तक्ते करताना सतत आठवत ठेवा.

रोज सकाळी मीटर 4 आणि 7 च्या बफरला (ठरलेल्या सामूच्या द्रावणांना) लावून घ्या, इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका. आणि नमुना काढण्याआधी मालकाला विचारा, आंबोण किती वाजता दिलं होतं. ती वेळ वहीत आकड्याच्या शेजारीच लिहा.