शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायला निघताय? आधी चिठ्ठी लिहा

परळीचा मेहुणा परवा फोनवर म्हणाला, "दाजी, तुमी घेतला होता नं रेडिओ, बाहेरदेशाचं लागणारा? मला बी घ्यायचाय. कोणता घिऊ?" त्याला सांगता सांगता माझाच जुना राग वर आला, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

घेतला होता, खरंय, शॉर्टवेव्हवाला, म्हणजे लांबच्या देशांची स्टेशनं धरणारा. २०२० च्या दिवाळीत, लातूरच्या गंजगोलाईतून, आण्णांसाठी. अडीच हजार मोजले. डब्यावर 'वर्ल्ड रिसीव्हर' आणि '१० बँड' असं झोकात छापलेलं. घरी आणला, सेल टाकले, संध्याकाळी साडेसातला आण्णा माळवदावर खुर्ची टाकून बसले. सुई इकडून तिकडं, तिकडून इकडं. पाऊण तासानं म्हणाले, "ह्याच्यात लंडन यीना की रे."

येणार कुठून? बीबीसीची हिंदी सेवा १९४० साली सुरू झाली आणि शॉर्टवेव्हवरून ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. मी रेडिओ आणला त्याच्या नऊ महिने आधी! दुकानात मी विचारलं होतं, "बीबीसी लागतं का?" तो म्हणाला, "सगळं लागतंय." त्याला तरी काय दोष द्यायचा, तो मिक्सर आणि इस्त्री विकतो. तपासायचं काम माझं होतं.

म्हणून रेडिओ बघायच्या आधी चिठ्ठी. वहीचा कोरा कागद घ्या आणि तीन रकाने करा: स्टेशन, फ्रिक्वेन्सी (म्हणजे स्टेशनचा डायलवरचा आकडा) किलोहर्ट्झमध्ये, आणि आपल्याकडची वेळ. पाच-सहा ओळी भरल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मोबाइलमध्ये ठेवतो म्हणाल तर दुकानात तो मोबाइल बायकोच्या हातात असतो. कागदच हवा.

चिठ्ठी भरताना नावं आठवणीतून लिहायची नाहीत. आठवणीतली निम्मी स्टेशनं आता नाहीत. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले, व्हॉइस ऑफ रशिया २०१४ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला. (जानेवारीची ३१ तारीख रेडिओवाल्यांना काही मानवत नाही.) राहिलेली म्हणाल तर बीबीसीचं इंग्रजी, चायना रेडिओ इंटरनॅशनल, कोरियाचं केबीएस, रेडिओ रोमानिया ही ठळक नावं. पण माझ्या शब्दावरही जाऊ नका. चालू हंगामाचं वेळापत्रक काढा आणि त्यात आपल्या बाजूचं, म्हणजे दक्षिण आशियाचं प्रक्षेपण कोणतं ते बघा. हे केंद्रवाले चहूकडं ओरडत नाहीत, अँटेना एका दिशेला रोखून पाठवतात. आफ्रिकेसाठी सोडलेला आवाज औशात खणखणीत येईल ही आशा सोडा. कधी येतोही, पण त्या भरवशावर पैसे घालू नका.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यातली चिठ्ठी दिवाळीत रद्दी. आणि त्यातली वेळ यूटीसी, म्हणजे जगाची सामाईक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे: १४:०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. हे गणित घरीच करून तिसऱ्या रकान्यात आपली वेळ लिहा. दुकानात बोटं मोजत उभं राहू नका.

आता डायल. इथं माझी दुसऱ्यांदा फजिती झाली, आणि तीही चिठ्ठी नसल्यामुळंच. आण्णांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळं हिंदी नाही तर इंग्रजी लंडन लावू म्हटलं. फ्रिक्वेन्सी हुडकली तर ९४१०, बीबीसीची जुनी जागा. आमच्या रेडिओचा ३१ मीटरचा बँड, म्हणजे डायलवरचा तो तुकडा, सुरू होतो ९.५ मेगाहर्ट्झपासून! म्हणजे ९५००. स्टेशन चालू, रेडिओ चालू, सेल नवे, आणि सुई तिथवर जातच नाही. यामागचं कारण जुनं आहे. १९९२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हे बँड रुंद केले गेले, ९४०० ते ९५०० हा तुकडा तेव्हाचा. पण स्वस्त सेटच्या डायलवर आकडे अजून त्याच्या आधीचे. १३६०० ते १३८०० च्या आसपासचा २२ मीटरचा बँड तर अशा कित्येक सेटांवर नसतोच. '१० बँड' म्हणजे दहा बारीक फटी, मधे सगळी भिंत. तुमचं स्टेशन भिंतीमागं असेल तर डब्यावर 'वर्ल्ड' लिहिलेलं असून काय उपयोग?

तेव्हा दुकानात रेडिओ हातात आला की आवाज, रंग, पट्टा काही बघायचं नाही. चिठ्ठी काढायची. एकेक आकडा डायलवर कुठं बसतो ते बघायचं. डायलवर मेगाहर्ट्झ असतं, म्हणून ९४१० म्हणजे ९.४१. एकही आकडा बाहेर पडला तर सेट परत ठेवायचा. दुकानदार "सर, सगळं लागतंय" म्हणेल. त्याला चिठ्ठी दाखवायची.

जमत असेल तर आकडे दिसणारा डिजिटल सेटच घ्या, २.३ पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सलग जाणारा. यात फटी-भिंतींची भानगड मिटते. टेकसन आणि एक्सएचडाटा ही चिनी नावं सध्या ऐकू येतात. टेकसन पीएल-३३० ला जुन्या नोकियात असायची ती बीएल-५सी बॅटरी लागते. ती आपल्याकडं एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या टपरीवरसुद्धा मिळते, हा त्याचा मोठा गुण. एक्सएचडाटा डी-८०८ मध्ये १८६५० नावाची बॅटरी, चार्जिंगच्या टॉर्चमध्ये असते ती, आणि आकडे थेट दाबायची बटणं. चिठ्ठीवाल्याला ही बटणं म्हणजे सुख: ९, ४, १, ०, झालं. म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर मात्र बटणांचा आकार बघा आणि गोल फिरवायचं चाक आहे का ते बघा. आमचे आण्णा बटणाला अजून 'खटका' म्हणतात आणि दोन खटके एकदम दाबतात. बाहेरून मागवत असाल तर कस्टमचा खर्च धरा.

जुना सोनी मिळतोय म्हणून उड्या मारू नका. सेट उत्तम, वाद नाही, पण आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआरसारखं मॉडेल आता बनत नाही. सेलच्या खान्यात हिरवट गंज आहे का, आवाजाचं बटण फिरवताना करकर होते का, एवढं तरी बघा.

एसएसबी, म्हणजे आवाज पाठवायची एक निराळी रीत, ती ऐकायची सोय लागते का? हॅमवाल्यांची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची बोलणी ऐकायची असतील तर हो, त्याशिवाय ती बदकासारखी ऐकू येतात. परदेशी बातम्यांना लागत नाही. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, वरचा सोलर, बाजूची टॉर्च: यातलं काहीही स्टेशन लावत नाही. त्या पैशात बाहेरच्या अँटेनाचं भोक असलेला सेट येत असेल तर तो घ्या.

दुकानात लावून बघताना वेळेचं भान ठेवा. भर दुपारी ४१ किंवा ४९ मीटर (७००० आणि ६००० च्या आसपासचे बँड) शांत असणारच. दिवसा आयनोस्फियरचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या वीजभारित भागाचा, खालचा थर खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, रात्री तो थर विरतो आणि लाटा वरच्या थरावर आपटून लांबवर येतात. दुपारी १५००० च्या वरचं लावून बघा, दिवस मावळल्यावर ९०००, ७०००, ६००० कडं या. हे ठाऊक नसल्यानं लोक चांगला सेट बिघडलाय म्हणून परत देतात. आणि दुकानाच्या आत ऐकूच नका. आत ट्यूब, टीव्ही, चार्जर, सगळा गोंगाट. रेडिओ घेऊन रस्त्याच्या पलीकडं जा, दुकानदाराचा पोऱ्या सोबत येतो.

घरचा गोंगाट हा निराळाच विषय. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर ही तीन जनावरं शॉर्टवेव्ह खातात. मळ्यात राहत असाल तर चौथं, रानडुकरांसाठी तारेला लावलेलं झटका मशीन. सेकंदाला एक टिक, टिक, टिक, आख्खी रात्र. आम्ही दोन दिवस सेटमध्ये बिघाड शोधत होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातलं मशीन बंद पडलं आणि रेडिओ आपोआप 'दुरुस्त' झाला. सोयाबीन उभं असताना शेजाऱ्याला मशीन बंद कर म्हणायची सोय नाही, तेव्हा आपणच लांब बसावं. लोडशेडिंगच्या रात्री मात्र काय आवाज येतो! आख्ख्या गावाची वीज गेली, डीपी गप्प, आणि रोमानिया शेजारच्या वाड्यातून बोलल्यासारखं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ ला, वीज नसताना आमच्या गल्लीत सेलवरचा एक मर्फी आणि त्याच्याभोवती वीस माणसं असायची, ते आठवतं.

सेट सेलवरच ऐका. अ‍ॅडॉप्टर लावला की तोच गुरगुरतो. पत्र्याच्या घरात आत बसून काही येणार नाही, पत्रा लाटा अडवतो. माळवद असेल तर वर जा. पाच-सहा मीटर साधी वायर, एक टोक सेटच्या दांडीला चिमट्यानं, दुसरं उंच कशाला तरी दोरीनं. विजेच्या तारांपासून लांब, अगदी लांब. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचं आभाळ दिसलं की वायर सेटपासून काढून टाकायची, "दोन मिनिटांनी काढतो" नाही.

बाकी काय, बिल घ्या, गॅरंटी कार्डावर शिक्का घ्या, डबा महिनाभर फेकू नका, जास्तीचे सेल. हेडफोन असला तर बरं.

आणि चिठ्ठी. मेहुण्याला तीनदा सांगितलं, तरी काल त्याचा दुकानातून फोन, "दाजी, ते आकडे कोणते म्हणले होते?" पुन्हा सगळे सांगितले, त्यानं बिलाच्या मागं लिहून घेतले. म्हणजे बिल आधी झालेलं!

आमच्याकडं आता दुसरा सेट आहे. नवी चिठ्ठी आण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला डकवलीय, ऑक्टोबरचे बदल लाल शाईनं. हे मी मोबाइलवर लिहितोय, तो चार्जिंगला लावलेला, आणि आण्णा आतून तिसऱ्यांदा ओरडलेत, "आरं ते चार्जर काढ की!"