प्रोसेसर आत्ता बदलायचा की थांबायचं? आधी ही चाचणी करा

गेम अडखळला की "प्रोसेसर बदल" असं सांगणारे ढिगाने भेटतात. तुम्ही कोणता गेम, कोणत्या रेझोल्यूशनवर खेळता हे मात्र एकही जण विचारत नाही. दोन भागांची नावं टाकली की "बॉटलनेक (म्हणजे एका भागामुळे दुसरा अडणं) इतके टक्के" असं सांगणारे कॅल्क्युलेटरही असतात. त्यांच्या नादी लागू नका, त्या टक्क्यांना काडीचा अर्थ नसतो.

ड्रायव्हर ताजे आहेत आणि पंख्यांवरची धूळ काढलेली आहे असं मी धरून चालतो.

पहिलं काम, रॅम. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का ते बघा. ३२०० ची डीडीआर४ रॅम घेऊन ती वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारे लोक मी पाहिलेत. एकच काडी लावलेली असेल, तर दोन लावा.

दुसरं, तापमान. खेळताना प्रोसेसर कमाल मर्यादेला टेकून वेग कमी करत असेल, तर कूलर बदला.

आता खरं काम: अडतंय नेमकं कुठे? इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दिसत होता. म्हटलं, हा तर निवांत बसलाय! आणि नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. शहरातल्या बाजाराच्या प्रसंगात सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स आधी ६० च्या आसपास होत्या, नंतरही तेवढ्याच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

झालं असं की तो ३५ चा आकडा सगळ्या थ्रेड्सची (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामांच्या रांगांची) सरासरी होता. सोळा थ्रेड्सच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण ताणला गेला, तरी एकूण वापरात त्याची भर जेमतेम ६ टक्के. शिवाय विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे कोअरनिहाय आलेखातही शंभर टक्के दिसेलच असं नाही. म्हणून प्रोसेसरच्या आकड्याकडे बघूच नका, ग्राफिक्स कार्डाच्या वापराकडे बघा.

चाचणी अशी. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजणीची सॉफ्टवेअर लावून फ्रेम्स आणि कार्डाच्या वापराचे आकडे स्क्रीनवर आणा. गेममध्ये जिथे सगळ्यात जास्त त्रास होतो तिथे सेव्ह करा. गर्दीचा चौक चालेल, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलात तर काहीच कळणार नाही. व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेम्सची मर्यादा बंद, फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम्स कृत्रिमपणे तयार करणं) बंद. मर्यादा चालू ठेवली तर कार्ड मुद्दाम आरामात चालतं आणि दोष उगाच प्रोसेसरवर येतो. तोच रस्ता तीनदा चाला आणि पहिली फेरी सोडून द्या, कारण पहिल्यांदा येणारे बरेचसे हिसके शेडर (कार्डासाठीचे छोटे चित्र-प्रोग्रॅम) तयार होण्याचे असतात. ते दुसऱ्या फेरीत गेले, तर त्यांच्यासाठी प्रोसेसर बदलू नका.

कार्डाचा वापर सतत ९५ च्या वर असेल तर अडचण कार्डाची आहे. प्रोसेसरचा विषय तिथेच मिटला. कार्डाचा वापर ६०-७० वर रेंगाळत असेल, तर रेझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा आणि तोच रस्ता पुन्हा चाला. ६२ फ्रेम्सच्या ११० झाल्या तर पहिल्या मोजणीत काहीतरी चुकलंय, ती पुन्हा करा. ६२ चे ६४ झाले तर मात्र गुन्हेगार सापडला: प्रोसेसर, किंवा त्याला डेटा पुरवणारी रॅम.

फक्त रेझोल्यूशन बदला. "सगळं लो करून बघ" हा सल्ला सरसकट मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. गर्दीची घनता, दूरवरचं दृश्य आणि रे ट्रेसिंगसुद्धा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) प्रोसेसरवर भार टाकतात. तेही उतरवलंत तर मोजताय काय, हेच कळणार नाही. उलट, निकाल प्रोसेसरच्या विरोधात लागला की आधी याच तीन गोष्टी एक-एक पायरी उतरवून बघा. कधीकधी तेवढ्यावर भागतं, आणि मग थांबायला हरकत नाही.

नाही भागलं, तर सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, बघा. एएमडीचा एएम४ बोर्ड असेल तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी, वापरलेला असला तरी, योग्य किमतीत मिळाल्यास आत्ताच घ्या. ५८००एक्स३डीचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी आहे, पण एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी ९६ एमबी, आणि बऱ्याच गेम्सना तीच लागते. निव्वळ खेळण्यासाठी जास्त कोअर्सच्या मागे धावू नका. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या पिढीचा छोटा प्रोसेसर असेल, तर तेराव्या-चौदाव्या पिढीतला मोठा त्याच बोर्डात बसतो. बोर्डाच्या यादीत नाव असल्याची खात्री तेवढी करा.

सॉकेटच बदलावं लागत असेल तर हिशेब वेगळा. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही आले. ही बेरीज करूनच निर्णय घ्या. तेवढ्या पैशांत मोठं कार्ड येत असेल आणि तुम्ही ४के वर खेळत असाल, तर थांबा. समीक्षा वाचताना प्रोसेसरसाठी १०८०पी चे तक्ते बघा, ४के वर कार्ड अडल्याने सगळे सारखेच दिसतात.

"पुढची पिढी येतेय" हे कायमच खरं असतं. विक्रीची तारीख जाहीर झाली असेल आणि ती दोन महिन्यांच्या आत असेल तरच मी थांबतो. अफवांवर नाही.

घ्यायचं ठरलं तर जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, नव्या प्रोसेसरवर विंडोज ती मागू शकतं. एएम४ चा कूलर काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो, आणि वाकलेल्या पिना सुईने सरळ करत बसावं लागतं.