शहराच्या कडेची वसाहत आखताना: लँडस्केपच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या एखाद्या कार्यालयात लँडस्केपचे, म्हणजे इमारतींभोवतालची मोकळी जमीन, पाणी, वाटा आणि झाडे आखण्याचे काम शिकायला आलेल्या मुलामुलींच्या हाती पहिले रेखांकन पडते, तेव्हा इमारती बहुधा जागेवर बसलेल्या असतात, मुख्य फाटक ठरलेले असते आणि उरलेल्या तुकड्यांत ‘आता हिरवे भरा’ एवढीच अपेक्षा असते. बदलापूर, टिटवाळा, विरार किंवा पनवेलच्या पलीकडे भातखाचरांवर उभ्या राहणाऱ्या संकुलांची कामे बरीच वर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की, अशा जमिनीवर पाण्याची वाट आणि माणसांची वाट इमारतींच्या आधी ठरली पाहिजे. आणि जिथे ते घडत नाही, तिथे निदान या दोन्ही वाटा नकाशावर उतरवून ठेवण्याचा आग्रह कार्यालयातल्या सर्वांत कनिष्ठ माणसानेही धरावा.

काम हाती आले की सर्व्हेअरच्या कंटूर नकाशासोबत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा) सातबारा, मोजणी नकाशा आणि गाव नकाशा मागून घ्यावा. गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. महसुली कामकाजात पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, तर गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. टोटल स्टेशन या मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर काढलेल्या नकाशात या रेषा बहुतेकदा नसतात, कारण सर्व्हेअरला हद्द, झाडे, विजेचे खांब आणि लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, एवढेच टिपायला सांगितलेले असते.

बदलापूरजवळच्या एका जागेवर अशीच एक पायवाट होती. एका शेताच्या बांधावरून ती ओहोळापर्यंत उतरत असे. बांध त्या ठिकाणी पायांनी झिजून सपाट झाला होता आणि ओहोळात पाय टाकायला तीन-चार दगड मांडलेले होते. मागच्या वाडीतल्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलसाठी त्याच वाटेने मुख्य रस्त्याला येत. प्रस्तावित संरक्षक भिंत ती वाट मधोमध तोडत होती. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, हे विकासकाला समजावून सांगितल्यावर भिंत ओहोळापासून आत सरकली आणि मधल्या पट्ट्यात वाडीसाठी खुला राहणारा पदपथ बसला. त्यामुळे ओहोळाच्या काठालाही मोकळी जागा मिळाली, आणि खरे सांगायचे तर विकासकाला पटली ती हीच दुसरी बाजू.

पाण्याचे गणित नवख्यांनी हाताने मांडून पाहावे. मुंबईतील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या, पुढे नव्या कामांसाठी ५० मिलिमीटरचा हिशेब धरला गेला. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक हेक्टर जमिनीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ५०० घनमीटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. भातखाचरात त्यातले बरेचसे बांधाआड थांबते. पेव्हर ब्लॉक आणि डांबर आले की ते जवळजवळ सगळे, आणि एकदमच, खाली धावते. अशा वेळी संकुल एक मीटर भराव घालून उचलण्याचा मोह होतो. त्याने आपले तळघर वाचते, पण पाणी शेजारच्या शेतात शिरते आणि जागेवर राखलेल्या जुन्या आंब्याचा बुंधा मातीत गाडला जाऊन झाड दोन-चार वर्षांत वाळते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान अडकली होती. त्या पट्ट्यात काम करणाऱ्याने भर पावसात जागा पाहिल्याशिवाय लेव्हलला हात लावू नये.

रस्त्यांच्या बाबतीत फाटकाच्या आतले काम तुलनेने सरळ आहे. अग्निशमन गाडीला वळण्यासाठी ९ मीटरची त्रिज्या लागते आणि त्या मार्गावर हिरवळ, कुंड्या वा कमानी येता कामा नयेत. प्लिंथ, म्हणजे इमारतीचे जोते, ६०० मिलिमीटर उंच असेल, तर १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लांब होतो, ही जागा सुरुवातीलाच राखावी. नंतर ती पायऱ्यांच्या कडेला कशीबशी कोंबली जाते आणि चाकाची खुर्ची तिथे वळतच नाही. खरा प्रश्न फाटकाच्या बाहेर असतो. तिथला रहिवासी शेअर रिक्षाने स्टेशन गाठणार आणि रात्री उशिराच्या लोकलने परतणार. मग रिक्षा कुठे थांबेल, तिथून फाटकापर्यंत दिवे आणि पदपथ आहेत का, गटारावर झाकणे आहेत का, हे कोणत्याही मंजुरीच्या नकाशात पुरेसे दिसत नाही. तुमच्या नकाशाची चौकट भूखंडाच्या हद्दीवर न थांबवता निदान रिक्षा थांब्यापर्यंत न्या.

नियमांपैकी थोडेच सांगतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि ४,००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात १० टक्के मनोरंजन जागा सोडावी लागते, जिला कार्यालयात सगळे ‘आरजी’ (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणतात. ही आरजी बेढब कोपऱ्यांत वाटून टाकण्याची सवय आहे. ती एकसंध आणि खऱ्या जमिनीवर ठेवण्यासाठी भांडावे. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावर टाकलेल्या, मातीत मोठे झाड धरत नाही आणि पाणीही मुरत नाही. २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी लागते, आणि शहरी हद्दीत झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्ष अधिनियमानुसार परवानगी घ्यावी लागते. म्हणून झाडांची यादी पहिल्याच महिन्यात करावी, प्रत्येकाचा घेर मोजून. लावायची झाडे निवडताना ओहोळाकाठी अर्जुन आणि करंज, रस्त्यालगत ताम्हण आणि बकुळ ही माझी नेहमीची निवड. गुलमोहर दिसतो देखणा, पण वादळी पावसात उन्मळतो, त्यामुळे गाड्यांच्या तळाजवळ तो मी लावत नाही.

शिक्षणाचा नेहमीचा मार्ग म्हणजे पाच वर्षांचे बी. आर्च. आणि त्यानंतर लँडस्केपमधले दोन वर्षांचे एम. आर्च., ज्यासाठी पुणे, अहमदाबाद आणि दिल्ली येथे चांगल्या संस्था आहेत. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येते. कंटूर वाचता येणे, तलाठ्याशी आणि वाडीतल्या माणसांशी नीट बोलता येणे, याला जास्त वेळ लागतो. नोकरीसाठी मुलाखतीला येणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत रंगवलेली संध्याकाळची दृश्ये मी भराभर उलटतो. ओळखीच्या एखाद्या मोकळ्या जागेचा, पाण्याचा उतार आणि लोकांच्या पायवाटा दाखवणारा साधा पेन्सिलने काढलेला छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखे दाखवणारे चित्र, असेल, तर त्या उमेदवाराशी अर्धा तास बोलायची माझी तयारी असते.